कर्तव्य संपल्यावर शस्त्राचे काय करावे? पोलीस अधिकाऱ्यांसाठी कायदा आणि व्यवहार

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडलेला उपनिरीक्षक पहिल्या ठाण्यात हजर होतो, त्याच्या नावावर पिस्तूल आणि राऊंड (काडतुसे) चढतात, आणि पहिल्याच साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की पिस्तूल जमा करून गावी जायचे की कमरेला लावूनच एसटीत बसायचे. ठाण्यातला एखादा जुना हवालदार सांगतो, "साहेब, जमा करून जा, झोप तरी लागेल." दुसरा कोणी सांगतो की पोलीस चोवीस तास ड्युटीवरच असतो, तेव्हा शस्त्र जवळ ठेवायला कोण हरकत घेणार? हवालदाराचा सल्ला बरोबर आहे. दुसऱ्याचे बोलणे अर्धे खरे आहे, पण त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष कायद्याला धरून नाही, आणि अडचणीत येणारे बहुतेक अधिकारी याच निष्कर्षाच्या भरवशावर वागलेले असतात.

"चोवीस तास ड्युटी" म्हणजे नेमके काय

पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम २८ हे या समजुतीचे मूळ आहे. पोलीस अधिकारी नेहमी कर्तव्यावर असल्याचे मानले जाईल, असे ते कलम सांगते. मात्र त्याच वाक्यात दोन मर्यादा आहेत आणि त्या सहसा कोणी वाचत नाही. एक म्हणजे जो रजेवर किंवा निलंबित आहे, त्याला हे लागू नाही. दुसरी म्हणजे हे मानणे त्या अधिनियमाच्या प्रयोजनांपुरते आहे. शस्त्र बाळगण्याचा कायदा वेगळा आहे, तो म्हणजे १९५९ चा शस्त्र अधिनियम, आणि त्याच्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यासाठी परवाना लागतो. पोलिसाला सरकारी शस्त्रासाठी परवाना काढावा लागत नाही, कारण कलम ४५ मध्ये लोकसेवकाला सूट दिलेली आहे. पण ती सूट लोकसेवक म्हणून आपले कर्तव्य बजावत असताना बाळगलेल्या शस्त्रापुरती आहे. ती माणसाला चिकटलेली सूट नव्हे, कामाला चिकटलेली आहे. मामाच्या मुलाच्या साखरपुड्याला रजा टाकून गेलेला अधिकारी तिथे कोणते कर्तव्य बजावत होता, याचे उत्तर उद्या चौकशी अधिकाऱ्याला द्यावे लागले तर काय सांगणार, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

अनेकांच्या डोक्यात अमेरिकेचे चित्र असते, आणि ते चित्र तिथल्यापुरते चुकीचे नाही. अमेरिकेत २००४ साली केंद्रीय कायदा झाला आणि पात्र पोलीस अधिकाऱ्याला कर्तव्यावर नसतानाही कोणत्याही राज्यात झाकलेले शस्त्र बाळगण्याची मुभा मिळाली. त्या मुभेलाही अटी आहेत. खात्याने दिलेले छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ पाहिजे, खात्याच्या नियमाप्रमाणे नेमबाजीची चाचणी वेळोवेळी उत्तीर्ण झालेली पाहिजे, आणि अंगात दारूचा किंवा अन्य नशेचा अंमल असता कामा नये. आपल्याकडे असा सरसकट मुभा देणारा कायदा नाही, त्यामुळे तिथल्या मालिका पाहून इथे कमरेला पिस्तूल लावू नये.

पहिली पायरी: आदेश वाचणे

शस्त्र कोणत्या स्वरूपात दिले गेले आहे, हे आधी पाहावे. काही शस्त्रे एका पाळीपुरती किंवा एका बंदोबस्तापुरती दिली जातात आणि काम संपताच शस्त्रागारात परत करायची असतात. काही शस्त्रे अधिकाऱ्याच्या नावे दीर्घकाळासाठी दिली जातात. पहिल्या प्रकारात घरी नेण्याचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या प्रकारात घटकप्रमुखाचा, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाचा आणि आयुक्तालयात संबंधित उपायुक्ताचा, आदेश काय म्हणतो ते शब्दशः वाचावे: शस्त्र निवासस्थानी ठेवता येते का, मुख्यालय सोडताना ते जमा करायचे का, रजेच्या काळात कोणाच्या ताब्यात द्यायचे. आदेशात उल्लेख नसेल तर विचारणा लेखी करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे. "मोठ्या साहेबांनी तोंडी सांगितले होते" हे वाक्य विभागीय चौकशीत टिकत नाही. मोठ्या साहेबांची बदली झालेली असते, आणि आपण असे काही म्हटल्याचे त्यांना बहुधा आठवत नसते.

अधिकाऱ्याला एखाद्या टोळीकडून किंवा नक्षलग्रस्त भागातील कामामुळे खरोखरच धोका असेल, तर सुटीतही शस्त्र जवळ ठेवण्याची परवानगी कारणांसह मागावी. अर्जात धोक्याचे स्वरूप, संबंधित गुन्ह्याचा क्रमांक, जायचे ठिकाण आणि परतण्याची तारीख लिहावी. अशी परवानगी हातात असेल, तर कलम ४५ च्या सूटीला आधार राहतो.

जमा करताना

शस्त्र जमा करणे हे पाच मिनिटांचे काम आहे आणि त्यातली तीन मिनिटे ते रिकामे करण्यात गेली पाहिजेत. शस्त्रागाराबाहेर वाळूची पेटी ठेवलेली असते. नळी त्या वाळूकडे, बोट चापाच्या कडीबाहेर, आणि सर्वांत आधी मॅगझिन, म्हणजे राऊंड भरलेला सुटा कप्पा, काढायचे. मॅगझिन बाजूला ठेवल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण मागे ओढून धरायची, चेंबरमध्ये (नळीच्या मागे राऊंड बसतो त्या जागेत) डोळ्यांनी पाहायचे आणि उजेड कमी असेल तर करंगळी घालून चाचपायचे. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढले, तर चेंबरमधला राऊंड बाहेर पडतो खरा, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधला दुसरा राऊंड आत नेऊन बसवते. मॅगझिन हातात आले, म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे माणसाला वाटते आणि तो खात्रीसाठी चाप दाबतो. वाळूची पेटी याच क्षणासाठी असते. मी एका ठिकाणी त्या पेटीत वाळूऐवजी सुपारीची पाकिटे आणि जुनी वर्तमानपत्रे भरलेली पाहिली आहेत, आणि तिथल्या भिंतीच्या गिलाव्यात एक भोकही होते. त्याबद्दल कोणी काही बोलत नव्हते.

रिव्हॉल्व्हर असेल तर सिलेंडर उघडून सगळे राऊंड बाहेर ढकलावेत आणि एकेक कप्पा मोजावा. मग राऊंड मोठ्याने मोजून द्यावेत, शस्त्राचा मूळ क्रमांक नोंदवहीशी ताडून पाहावा (मुठीवर रंगवलेल्या बट नंबरावर विसंबू नये, तो पुसट झालेला किंवा पुन्हा रंगवलेला असू शकतो), वेळ लिहावी आणि शस्त्रागाराच्या अंमलदाराची स्वाक्षरी घ्यावी. नोंदवहीतल्या त्या पानाचे छायाचित्र काढून ठेवण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. शस्त्रांचे क्रमांक आणि संख्या अशा प्रकारे मोबाइलमधून फिरू नयेत. त्याऐवजी ठाण्याच्या स्टेशन डायरीत जमा केल्याची नोंद करून घ्यावी.

घरी ठेवावे लागले तर

ताबा म्हणजे हातात असणे एवढाच अर्थ कायदा घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये शस्त्र अधिनियमाखालील एका खटल्यात स्पष्ट केले, की शस्त्राची जाणीव आणि त्यावरचे नियंत्रण असेल, तर ते प्रत्यक्षात दुसऱ्याकडे असले तरी ताबा आपलाच मानला जाऊ शकतो. म्हणून घरातल्या कपाटातले पिस्तूल हे, अधिकारी ठाण्यात बसलेला असतानाही, त्याच्याच ताब्यात आणि त्याच्याच जबाबदारीवर असते. पोलीस वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात गोदरेजचे कपाट हेच सगळ्यांचे कपाट असते: त्यात साड्या, मुलांचे दाखले, दागिने आणि किल्ली दाराच्या मागच्या खिळ्याला. अशा कपाटात शस्त्र ठेवू नये. भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवलेली लहान तिजोरी घ्यावी, तिची किल्ली किंवा अंक फक्त आपल्याकडे ठेवावेत, आणि काडतुसे दुसऱ्या कुलुपात ठेवावीत. मुलांपासून शस्त्र लपवून भागत नाही, कारण मुलांना घरातल्या सगळ्या जागा माहीत असतात. ते कुलपात पाहिजे. साफसफाई मुले शाळेत गेल्यावर करावी, आणि पाहुण्याने "जरा दाखवा ना" म्हटले तर नाही म्हणावे. हे नाही म्हणणे नातेवाइकांत जड जाते, याची मला कल्पना आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिली पाहिजे, जरी खात्यात तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. जुलै २०२३ मध्ये पुण्यात घरी आलेल्या एका सहायक पोलीस आयुक्ताच्या हातून घरातल्या दोघांचा आणि त्याचा स्वतःचाही गोळीने जीव गेला. सलग बंदोबस्त, अपुरी झोप, घरातला तणाव, चौकशीची टांगती तलवार यांपैकी काहीही चालू असेल तर शस्त्र आपणहून जमा करावे. त्यासाठी कारण लिहिण्याची गरज नसते, "जमा केले" एवढी नोंद पुरते. वरिष्ठांनीही अशा जमा केलेल्या शस्त्रामागे अधिकाऱ्याची भीती किंवा दुबळेपणा शोधत बसू नये. घरच्या माणसांना काळजी वाटत असेल तर त्यांनी घटकप्रमुखाला भेटून किंवा फोन करून सांगावे, आणि ते सांगणे तक्रार म्हणून नोंदले जाऊ नये.

बाहेर नेताना

परवानगीने शस्त्र बाहेर न्यायचे ठरले, तर ते कायम झाकलेले आणि कायम आपल्या नियंत्रणात असले पाहिजे. खासगी परवानाधारकांसाठी २०१६ च्या शस्त्र नियमांनी हेच सांगितले आहे: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेले, आणि मिरवणे किंवा उगारणे यांना बंदी. सरकारी शस्त्राच्या बाबतीत अधिकाऱ्याने याहून ढिले वागण्याचे कारण नाही. पँटच्या कमरेत खोचलेले पिस्तूल बसमध्ये वाकताना सरकते. पाठीवरच्या सॅकमधले पिस्तूल विरार लोकलच्या गर्दीत आपले राहत नाही. शरीराला घट्ट बसणारे, वरून पट्टी असलेले होल्स्टर वापरावे आणि त्यावर सदरा बाहेर सोडावा. ओळखपत्र शस्त्राच्या विरुद्ध बाजूच्या खिशात ठेवावे, म्हणजे ते काढताना हात शस्त्राकडे जात नाही. पोलिसाकडून बळाने शस्त्र हिसकावणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने किमान दहा वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा ठेवली आहे, यावरून ते हिसकावले जाण्याची भीती कायद्यालाही किती खरी वाटते ते कळते.

दारू आणि शस्त्र एकत्र येऊ नयेत, याला अपवाद नाही. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांनी शासकीय कर्मचाऱ्याला नशेच्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी येण्यास मनाई केलेलीच आहे. त्यात कमरेला शस्त्र असेल तर प्रकरण वर्तणुकीपुरते राहत नाही. लग्नाच्या वरातीत, हळदीला किंवा वाढदिवसाला हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे: लोकांच्या जिवाला धोका होईल अशा रीतीने केलेल्या आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पिस्तुलासह काढलेले छायाचित्र आणि रील यांबद्दल वेगळे लिहिण्याची गरज पडू नये, पण ती पडते. ते काढू नयेत, आणि मेहुण्याला काढू देऊ नयेत.

विमानप्रवासात शस्त्र केबिनमध्ये नेण्याचा विचार सोडून द्यावा. आदेशाची प्रत सोबत ठेवून, शस्त्र रिकामे करून, काडतुसे वेगळी बांधून, चेक-इनच्या वेळी विमान कंपनीला आधी सांगावे आणि सामानाच्या कप्प्यातून न्यावे. निघण्यापूर्वी बॅगेचा प्रत्येक खिसा उलटा करावा. मागच्या महिन्यातल्या फायरिंग सरावाचा एखादा जिवंत राऊंड बाजूच्या कप्प्यात राहून जातो आणि क्ष-किरण तपासणीत दिसतो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता, असे म्हणून उच्च न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तिथवर पोहोचेपर्यंतचा खर्च आणि मनस्ताप स्वतःचाच असतो.

सुटीवर असताना समोर काही घडले तर

साध्या कपड्यांतल्या, हातात पिस्तूल असलेल्या माणसाला पाहून समोर येणारा गणवेशधारी पोलीस काय समजेल, याचा विचार आधी करून ठेवावा. २८ मे २००९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ओमर एडवर्ड्स हा पोलीस ड्युटी संपवून निघाला होता. आपली गाडी फोडणाऱ्याच्या मागे तो पिस्तूल हातात घेऊन धावत असताना दुसऱ्या पोलिसांनी त्यालाच गुन्हेगार समजून गोळी झाडली आणि तो मेला. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी ११२ ला फोन, त्यात आपले नाव, हुद्दा, अंगावरचे कपडे आणि आपल्याकडे शस्त्र असल्याचे सांगणे, मग जमेल तर आडोशाला राहून पाहणे, वर्णन आणि गाडीचा क्रमांक टिपणे. बहुतेक वेळा एवढेच करणे योग्य असते, मालमत्तेच्या गुन्ह्यात तर जवळजवळ नेहमीच. मदत आली की शस्त्र हातात ठेवून त्यांच्याकडे वळू नये. आधी थांबावे, हात दिसतील असे ठेवावे, "पोलीस" असे मोठ्याने सांगावे आणि येणाऱ्याचे म्हणणे मुकाट ऐकावे, तो हुद्द्याने आपल्याहून लहान असला तरी.

गोळी झाडण्याचा अधिकार गणवेशामुळे वाढत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाचा अधिकार देतात, पण समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत तो प्रामुख्याने मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असतानाच जातो, आणि नेहमी धोक्याच्या प्रमाणातच असतो. अटक करतानाही, ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही अशा माणसाचा जीव घेण्याचा अधिकार मिळत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ सांगते. पळत्या मोबाइलचोरावर झाडलेली गोळी यात कुठेच बसत नाही.

गोळी झाडली गेलीच, तर जखमीला रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था करावी, नियंत्रण कक्षाला कळवावे आणि त्यानंतर जागा जशी आहे तशी ठेवावी. पुंगळ्या (झाडलेल्या राऊंडची रिकामी टरफले) उचलू नयेत, पिस्तूल पुसू नये, मॅगझिन भरू नये. पोलिसांच्या गोळीने झालेल्या मृत्यूंविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, मुंबईतल्या चकमकींवरून सुरू झालेल्या प्रकरणात, सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत तपास दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने किंवा सीआयडीने करावा आणि संबंधित अधिकाऱ्याने आपले शस्त्र न्यायवैद्यक तपासणीसाठी स्वाधीन करावे, असे सांगितले आहे. शस्त्र मागितले जाण्याची वाट न पाहता ते पंचनाम्यात देऊन टाकावे.

स्वतःचा परवाना असेल तर

काही अधिकारी सरकारी शस्त्राव्यतिरिक्त स्वतःचे शस्त्र घेतात. इथे ते अन्य कोणत्याही नागरिकासारखे परवानाधारक असतात: आयुक्तालयात पोलीस आयुक्ताकडे आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्याकडे अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र, आणि २०१९ नंतर जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे व पाच वर्षांची मुदत. नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर (नळीचा आतला व्यास) असल्यामुळे सरकारी पिस्तुलाचे राऊंड खासगी शस्त्रासाठी, किंवा उलट, वापरण्याचा प्रश्नच येऊ नये. परवान्यावर ज्या क्षेत्राचा उल्लेख असेल त्याबाहेर शस्त्र नेता येत नाही. खास परवानगी नसेल तर ते जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारातही नेता येत नाही. गावच्या जत्रेत पालखीपुढे चालणाऱ्या सुटीवरच्या अधिकाऱ्यालाही ही अट तशीच लागू आहे. पोलिसांची बदली वारंवार होते, म्हणून प्रत्येक बदलीनंतर नवा पत्ता परवाना प्राधिकाऱ्याला कळवावा. खात्यातल्या नोंदी बदलल्या म्हणजे परवान्यावरच्या बदलल्या असे होत नाही. खरेदीची माहिती वर्तणूक नियमांनुसार खात्यालाही द्यावी. शस्त्र दुसऱ्याला वापरायला किंवा सांभाळायला देऊ नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या उपनगरात एका माजी नगरसेवकाची हत्या झाली, तेव्हा वापरलेले पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर परवाना असलेले निघाले आणि त्या अंगरक्षकाला अटक झाली.

शस्त्र किंवा एखादाही राऊंड हरवला, तर शोधाशोध करून मग सांगू असा विचार करू नये. शेवटचे कुठे पाहिले ते आठवून लगेच नजीकच्या ठाण्यात आणि आपल्या घटकाला कळवावे, वेळेसह स्टेशन डायरीत नोंद करून घ्यावी, आणि मगच शोधायला निघावे. निष्काळजीपणाची चौकशी तरीही होईल. पण हरवलेले शस्त्र पुढे एखाद्या गुन्ह्यात सापडले, तर ते आपण कधी कळवले होते हे त्या नोंदीतल्या वेळेवरूनच ठरेल.